एकशेपंचवीसपैकी साडेसत्त्याऐंशी

...नाही, तुम्हीच सांगा मला, बोटाच्या पेराएवढ्या दाराला कडी आतून असते की बाहेरून, हा काय भल्या माणसाला आयुष्यात पडावा असा प्रश्न आहे का? पण मला पडला! तीन आठवडे पडला होता! घास हातात तसाच, आणि मी भिंतीकडे बघतोय... आतून? का बाहेरून? बायको समोरून म्हणते, "अहो, गार होतंय." मी म्हणतो, "बाहेरून असेल तर आतला माणूस कसा..." ती म्हणते, "कुठला माणूस?" आता काय सांगू तिला? दोन सेंटिमीटरचा माणूस! आणि याला म्हणे विरंगुळा म्हणायचं!

थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सरकला. मी आगगाड्या करतो. छोट्या. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान. रूळ, डबे, इंजिन, पूल, झाडं, सगळं त्याच मापात. खेळणी म्हणू नका! आमच्या आगगाडीवाल्यांच्या मंडळात एका पाहुण्यानं "छान आहेत हो खेळणी" म्हटलं, तर अध्यक्षांना पाणी आणून द्यावं लागलं. पोटापाण्याला मी कवळ्या करतो, दातांच्या. डॉक्टर नव्हे हं! डॉक्टर माणसाच्या तोंडात बघतात, मी साच्यात बघतो, एका बाकावर बसून, दिवसभर, दाढेमागून दाढ. डोळ्यांना भिंग, हातात बारीक चिमटे, बारीक कानशी, बारीक ब्रश. आणि घरी येऊन काय करतो? तर डोळ्यांना भिंग, हातात बारीक चिमटे, बारीक कानशी... बायको लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हणाली होती, "बाकीच्यांचे नवरे कामावरून घरी येतात, तुम्ही कामावरून कामावर येता."

पण खरं दुखणं गाड्यांचं नाही. गाड्या सोन्यासारख्या आहेत. दुखणं आहे प्रमाणपत्रांचं! मंडळाचं शास्त्र आहे. एकेका कसबाचं एकेक प्रमाणपत्र. रूळ टाकण्याचं एक, डब्यांचं एक, इंजिनाचं एक, विजेच्या तारांचं एक, डोंगर-झाडं-माती यांचं एक, वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवण्याचं एक, आणि इमारतीचं एक. सात झाली की तुम्ही 'निपुण'. छातीवर पितळी बिल्ला. आणि प्रत्येकाला गुण एकशेपंचवीस, पास व्हायला साडेसत्त्याऐंशी! का साडेसत्त्याऐंशी? पंच्याऐंशी का नाही, नव्वद का नाही? मी विचारलं होतं. आमचे मुख्य परीक्षक आहेत, त्यांना सगळे भिंगवाले म्हणतात, कारण ते समोरच्या माणसाकडेसुद्धा भिंगातून बघतात. ते म्हणाले, "सत्तर टक्के." मी म्हटलं, "मग गुण शंभर ठेवा ना, पास सत्तर, सुटसुटीत!" त्यांनी माझ्याकडे भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "सुटसुटीत हवं असेल तर पतंग उडवा."

सहा प्रमाणपत्रं मिळवायला मला नऊ वर्षं लागली. नऊ! डब्यांचं सांगतो तुम्हाला. डबा केला, चकचकीत, आरशासारखा, घेऊन गेलो. भिंगवाले म्हणाले, "हा डबा कुठे धावतो?" मी म्हटलं, "म्हणजे?" म्हणाले, "धुरात, धुळीत, उन्हात कुठे धावलेला दिसत नाही. गंज कुठाय?" म्हणजे डबा नवा करायला मला तीन आठवडे आणि तो जुना करायला चार महिने! चार महिने मी एका डब्याला हातानं गंज लावत होतो हो, दाराच्या बिजागरीखाली जास्त, छपराच्या कडेला कमी, कारण पाणी तसं उतरतं! मातीचं तर विचारूच नका. खरी माती चालत नाही, खडा फार मोठा दिसतो, म्हणून चहाचा चोथा वाळवायचा, भाजायचा, चाळायचा. बायकोच्या चाळणीनं. तो बरणीत भरून ठेवला होता मी, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजारीण आल्या आणि हिनं त्याच बरणीतला चहा त्यांना करून दिला. त्या म्हणाल्या, "वा, वेगळीच चव आहे!" दुसरा कप मागितला त्यांनी! मी दारात उभा, बघतोय, माझा अर्धा डोंगर त्या पिऊन गेल्या. आणि याला म्हणे विरंगुळा म्हणायचं!

तर राहिलं सातवं. इमारत. आणि इमारतीचा नियम काय? इमारत खरी पाहिजे. कुठेतरी उभी असलेली किंवा होऊन गेलेली. आणि तिचा पुरावा पाहिजे, फोटो नाहीतर नकाशा. तेही नसेल तर त्या इमारतीत वावरलेल्या माणसाची सही, की हो, ही हुबेहूब तीच. झालं! माझ्या डोक्यात दिवा पेटला. माझे सासरे!

माझे सासरे म्हणजे... कसं सांगू? एकतीस वर्षं केबिनमन. रुळांच्या कडेला एक उंच केबिन असायची ना, चारी बाजूंनी काचा, आत छातीएवढे लोखंडी दांडे ओळीनं उभे, एक दांडा ओढला की तिकडे सिग्नल पडायचा, दुसरा ओढला की रूळ सरकायचे. त्या केबिनचे हे राजे. पुढे बटणं आली, केबिन पाडली, नकाशे कुणी ठेवले नाहीत, फोटो कुणी काढले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. आले म्हणजे काय, एक पेटी, एक छत्री, आणि मौन. बोलायचं नाही हो! आणि बसायचं नाही! तुम्हाला खोटं वाटेल, पण दोन वर्षं हा माणूस माझ्या घरात उभा आहे. चहा खिडकीशी उभ्यानं, वर्तमानपत्र खिडकीशी उभ्यानं. मी म्हणायचो, "बाबा, बसा ना." ते म्हणायचे, "बरा आहे." मला वाटायचं, माझं घरच आवडत नाही यांना, पाहुण्यासारखे उभे राहतात, निघायच्या तयारीत. मनाला लागायचं ते. बायकोला नाही सांगितलं कधी, तुम्हाला सांगतो.

कारण या माणसानं बावीस वर्षांत माझ्या कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा हिला विचारलं म्हणे, "दात करतो? आणि दिवसभर काय करतो?" त्यांची कवळी मी केली, माझ्या हातानं, अशी कवळी की डॉक्टरांनी ती इतरांना दाखवायला मागितली. ती घातली, आरशात न बघता दोनदा तोंड उघडमीट केलं आणि म्हणाले, "चालेल." चालेल! तेव्हा खरं सांगू का, मला सातवं प्रमाणपत्र पाहिजे होतंच, बिल्ला पाहिजे होता, पण त्याहून जास्त पाहिजे होता एक शब्द. "छान." बस्स. या तोंडातून, माझ्याच दातांतून, एकदा "छान" ऐकायचं होतं.

मग मी त्यांना बोलतं करायला लागलो, पण चोरून! कारण मला त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. आणि इथे चुकलो बघा. काम दाखवायचं नाही आणि माहिती काढायची! मी आपलं सहज विचारतोय असं दाखवून, "बाबा, दांडे किती होते हो केबिनमध्ये?" "चोवीस." "रंग?" "होते." "कुठले कुठले?" "प्रत्येकाचा वेगळा अर्थ." "जिना केवढा होता?" "चढायला पुरेसा." अशी माहिती! त्यात दाराच्या कडीचं विचारायचं धाडस होईना, म्हटलं संशय येईल. म्हणून ते तीन आठवडे. शेवटी आतून लावली.

अकरा महिने लागले मला. केबिन झाली चष्म्याच्या घरापेक्षा लहान. चोवीस दांडे दातांना बांधायच्या तारेचे, प्रत्येकाची मूठ घासून चकाकवलेली, कारण घामानं गंजू नये म्हणून केबिनमन दांडा फडक्यानं धरतात, तेवढं एक ते आपणहून बोलले होते. काचा चोवीस. दिवा खरा पेटणारा. आणि आत मी एक माणूस केला, आमचे सासरे, निळा सदरा, टक्कल, आणि त्यांच्यासाठी खुर्ची! तुम्हाला सांगतो, त्या केबिनमधली सगळ्यात देखणी गोष्ट कुठली असेल तर ती खुर्ची. बैठक जमिनीपासून पाच मिलिमीटर. दात साफ करायचा दोरा असतो ना, तो उकलून त्याच्या एकेका धाग्यानं मी तिची बैठक विणली. विणली! दोन रविवार! मनात म्हटलं, सासरे कसे, ऐटीत बसलेत.

परीक्षेचा दिवस. मंडळ भरतं शाळेच्या व्यायामशाळेत. भिंतीला लाकडी शिड्या, मध्ये टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर माझी केबिन, आणि तिच्याभोवती तीन परीक्षक वाकलेले. मी, बायको आणि सासरे बाकावर. म्हणजे मी आणि बायको बाकावर, सासरे बाकाशेजारी उभे. भिंगवाले पेन्सिलीनं आकडे मांडतायत आणि मला उलटे दिसतायत. बांधणी... तपशील... रंग... बेरीज... एक्याण्णव! एक्याण्णव हो! मी बायकोचा हात धरला. ती म्हणाली, "दुखतोय." भिंगवाले म्हणाले, "उत्तम! आता फक्त पुराव्याची सही. आजोबा, या, ही तुमचीच केबिन ना? इथे करा सही, झालं काम."

सासरे पुढे आले. केबिनकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत होते ते. मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय, आता येईल, आता येईल... आणि ते म्हणाले, "तपासल्याशिवाय?"

भिंगवाले हसले. "अहो आजोबा, नुसता उपचार आहे."

"एकतीस वर्षं सही केली रोज," सासरे म्हणाले. "रूळ मोकळा आहे, अशी. बघितल्याशिवाय एकदाही नाही. केली असती तर दोन गाड्या एका रुळावर आल्या असत्या." आणि हात पुढे केला. "ते भिंग द्या."

अहो, भिंगवाल्यांचं भिंग! ते त्यांनी स्वतःच्या बायकोलाही दिलं नसतं, पण सासऱ्यांना दिलं! आणि सासरे वाकले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग म्हणाले, "सातवा दांडा निळा आहे. सातवा काळा. निळा नववा." भिंगवाल्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! पेन्सिल सरसावली. "एक गुण वजा. नव्वद. पुढे?" पुढे काय पुढे! मी म्हटलं, "बाबा..." ते म्हणाले, "जिन्याला बारा पायऱ्या बरोबर आहेत. पण तिसरी नव्हती. मोडली होती. अर्ज केला होता." "किती वर्षं?" भिंगवाले विचारतात, जसं काही त्याला गुण आहेत! "एकोणीस." एकोणनव्वद. "फडकं दांड्यावर नाही टाकायचं, खांद्यावर." साडेअठ्ठ्याऐंशी. बायको खोकायला लागली. नुसती खोकत नाही, बापाकडे बघून खोकतेय, तर ते म्हणाले, "हिला पाणी द्या," आणि पुन्हा वाकले. "दाराची कडी."

मी डोळे मिटले.

"बाहेरून," सासरे म्हणाले.

साडेसत्त्याऐंशी! काठावर! आता अर्धा गुण जरी गेला तरी मी बुडालो. मी हात जोडायचेच बाकी होते, दाढदुखीनं पेशंट करतो तसा चेहरा केला मी. आणि सासऱ्यांचं भिंग एका जागी थांबलं. बराच वेळ. मग म्हणाले, "हे काय?"

मी म्हटलं, "खुर्ची, बाबा."

"कुणाची?"

"तुमची."

"मला नव्हती," ते म्हणाले. "केबिनमनला खुर्ची नसते. बसला की डोळा लागतो. डोळा लागला की संपलं." आणि मग कुणाला तरी वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाले, "एकतीस वर्षं. आठ आठ तास. उभा."

आता काय सांगू तुम्हाला... मी बावीस वर्षं या माणसाचा जावई. मी दांड्यांचे रंग विचारले, पायऱ्या विचारल्या, बसायला काय होतं हे विचारलंच नाही! धरूनच चाललो की माणूस आहे म्हणजे बसत असणार! आणि दोन वर्षं मी रागावलो होतो त्यांच्यावर, की माझ्या घरात बसत नाहीत म्हणून. अहो, त्यांना बसायची सवयच नव्हती! गुण-बिण सगळं डोळ्यांसमोरून गेलं. बायकोकडे बघितलं तर तिचं खोकणं थांबलेलं. तिलाही माहीत नव्हतं. घरी यायचे तेव्हा ती झोपलेली असायची ना, लहान होती.

भिंगवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. माणूस वाईट नाही हो. ते म्हणाले, "असं करू. खुर्चीचे गुण मी कापत नाही. आत्ता चिमट्यानं खुर्ची काढा, आजोबा सही करतील, मोकळे." काढा! काय काढा? माणूस बसलेला केलाय मी! गुडघ्यात वाकवलेला! खुर्ची काढली तर सासरे तोंडावर आपटतील, तेही चोवीस दांड्यांवर! मग शेरा मारला त्यांनी, 'खुर्ची काढून, माणूस उभा करून, सही घेऊन यावे. बाकी मान्य.' म्हणजे पास, पण नाही. अकरा महिने, आणि पास पण नाही! आणि याला म्हणे...

बसमध्ये केबिनचा खोका सासऱ्यांनी मांडीवर घेतला. मी म्हटलं, द्या इकडे, तर नाही म्हणाले. खिडकीला जागा मिळाली होती, बसलेच होते, पण माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवला होता खोका. मी तरी काय बोलणार, "क्षमा करा, मी तुम्हाला खुर्ची दिली"?

पुढच्या रविवारी मी कामाला लागलो. काम म्हणाल तर किरकोळ. उभा माणूस नवा केला, फडकं खांद्यावर. सातवा दांडा काळा, नववा निळा, तिसरी पायरी काढली, कडी बाहेरून. सासरे शेजारी, सूचना देतायत, "खांदा जरा खाली घ्या. उजवा. ओढून ओढून तो खाली येतो." दोन वर्षांत बोलले नसतील तेवढे एका सकाळी बोलले! आणि मग मी चिमटा घेतला, छप्पर उचललं, श्वास धरला, चिमटा आत घातला, बसलेल्या माणसाच्या खुर्चीला टेकवला... आणि माझं मनगट कुणीतरी पकडलं. अहो काय पकड! एकतीस वर्षं दांडे ओढलेला हात तो!

"राहू दे," सासरे म्हणाले.

"अहो बाबा, पण खुर्ची नव्हती ना?"

"नव्हती."

"मग?"

"बसलाय तो," ते म्हणाले. "बसू दे जरा."

मी म्हटलं, "बरं, मग सही करता? खुर्चीसकट?" तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दोन गाड्या एका रुळावर आणायला सांगितल्या. "खोटी सही? मी?"

आता बोला! खुर्ची आहे तोवर सही करणार नाहीत, आणि खुर्ची काढू देणार नाहीत! बायकोला म्हटलं, तू सांग, तुझे वडील आहेत. ती केबिनमध्ये डोकावली, बराच वेळ बघत राहिली, आणि मला म्हणाली, "हात तर लावून बघा तिला!" झालं, घरात दोन मतं एका बाजूला. लोक म्हणतात, मग दुसरी इमारत कर. करतो ना! कुठे करू? टेबल मोकळं आहे का? रोज संध्याकाळी मी कवळ्या संपवून घरी येतो तर माझ्या टेबलाशी सासरे, नाकावर माझं भिंग, माझ्या गाड्या सोडतायत, मला म्हणतात, "थांबा, रूळ मोकळा नाही." माझ्याच घरात मी दारात उभा, गाडी जाईपर्यंत! "छान" काही म्हणाले नाहीत अजून. म्हणणारही नाहीत. पण परवा शेजारीणबाई आल्या होत्या, त्यांना हात धरून टेबलापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "ही आमची केबिन. जावयानं केली." मी स्वयंपाकघरात होतो. उगाच नळ सोडला आणि भांडं घासत राहिलो.

आणि भिंगवाले? दर महिन्याला फोन! आजही आला होता. "काय हो, बाकी सगळं मान्य आहे, एक सही राहिली आहे फक्त, निपुण व्हायचंय ना? पितळी बिल्ला घडवून तयार आहे, काळा पडायला लागला! काढली का नाही ती खुर्ची?"

मी टेबलाकडे बघितलं. सासऱ्यांनी जेवणाची खुर्ची ओढून घेतली होती, पाय लांब केले होते, चहाचा कप गुडघ्यावर, आणि समोरून मालगाडी चालली होती.

म्हटलं, "कशी काढू हो साहेब? माणूस बसलाय."